चिमट्यापासून आसुडापर्यंत : मराठीतील उपहासाची शब्दसंपदा

पुतळ्याची विटंबना होते आणि कवितेचे विडंबन होते. पहिली बातमी आली की गावात बंद पाळला जातो. दुसरे वाचून वाचक हसतात आणि मूळ कविता पुन्हा आठवतात. तरीही हे दोन शब्द एकाच घरातले सख्खे भाऊबंद आहेत. संस्कृतातल्या 'विडम्ब्' या धातूचा अर्थ नक्कल करणे, सोंग घेणे आणि त्यातून एखाद्याचे हसे करणे. मराठीने त्यातून दोन शब्द घडवले आणि दोघांना वेगवेगळी कामे दिली. विडंबन ही कला ठरली, विटंबना हा अपराध ठरला. शेजारच्या हिंदीने 'विडंबना'ला तिसराच अर्थ दिला. तिकडे नियतीने माणसाशी केलेल्या क्रूर खेळाला विडंबना म्हणतात.

या एका उदाहरणात सगळा प्रश्न दडलेला आहे. हसण्यातून टीका करण्याची रीत प्रत्येक समाजात असते. पण त्या हसण्याच्या छटा कोणत्या, कोणते हसणे चालते आणि कोणते चालत नाही, हे भाषा आपल्या शब्दांतून ठरवते. मराठीकडे अशा शब्दांचा साठा मोठा आहे. शास्त्राने दिलेले शब्द आहेत, संतांनी आणि शाहिरांनी घडवलेले आहेत, फारसी-अरबीतून आलेले आहेत, स्वयंपाकघरातून आणि चावडीवरून उचललेले आहेत. मात्र आज पुस्तक परीक्षणांत या सगळ्यांच्या जागी 'खुसखुशीत' आणि 'तिरकस' ही दोनच विशेषणे फिरतात, आणि बातम्यांत फक्त 'खिल्ली' उडते. म्हणून या शब्दसंपदेचा एकदा नीट आढावा घेण्याची गरज आहे.

शास्त्राने दिलेली नावे

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांपैकी एक हास्य. त्याचे सहा प्रकार भरताने सांगितले : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या, शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या. आपला 'उपहास' यांतल्या चौथ्या पायरीशी नाते सांगतो. उपहसिताचे वर्णन नटासाठी केलेले असल्यामुळे ते फार नेमके आहे : नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, खांदे आणि डोके वाकलेले. आज आपण एखाद्या लेखनाला 'तिरकस' म्हणतो तेव्हा नकळत त्याच वाकड्या नजरेची आठवण काढतो.

अलंकारशास्त्राने पुढची हत्यारे दिली. वक्रोक्ती म्हणजे वाकडे बोलणे. रुद्रटाने तिचे दोन प्रकार केले : श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती. काकु म्हणजे आवाजाचा हेल. तासभर उशिरा आलेल्या पाहुण्याला घरधनीण दारातच "वा, किती लवकर आलात!" म्हणते, तेव्हा शब्द स्तुतीचे असतात आणि हेल उलटा असतो. कागदावर हा हेल दिसत नाही, म्हणून लेखी उपरोध नेहमी धोक्याचा असतो. ज्याला हेल ऐकू येत नाही, तो वाचक शब्दशः अर्थ घेतो. व्याजस्तुतीचेही तसेच. स्तुतीच्या मिषाने निंदा आणि निंदेच्या मिषाने स्तुती, ही दोन्ही तिची रूपे. वारकरी परंपरेत विठ्ठलाला बोल लावणारे, त्याच्याशी भांडणारे अभंग आहेत. ती निंदास्तुती प्रेमाचीच भाषा आहे.

नाटकात दहा रूपकांपैकी प्रहसन हा प्रकार खास उपहासासाठी होता. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्मा याने लिहिलेल्या 'मत्तविलास' प्रहसनात एका दारू प्यालेल्या कापालिकाचे कवटीचे पात्र हरवते आणि तो आळ एका बौद्ध भिक्षूवर घेतो. खरे तर ते पात्र कुत्र्याने नेलेले असते. राजानेच धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या ढोंगावर नाटक लिहावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'नर्ममाला'त लाचखाऊ कारकुनांचा समाचार घेतला. त्या ग्रंथाच्या नावातला 'नर्म' शब्द आपल्या 'नर्मविनोदा'त आजही जिवंत आहे, फक्त मराठीत तो अधिक सौम्य झाला आहे.

शब्दांचे अर्थ असे सरकत आले आहेत. 'विनोद' म्हणजे मुळात मनावरचे ओझे दूर सारणे, रमवणे. आज तो हसवणाऱ्या गोष्टीचे नाव आहे. 'चेष्टा' म्हणजे संस्कृतात हालचाल. मराठीत ती थट्टा झाली. 'उपरोध' म्हणजे संस्कृतात अडथळा. मराठीत तो उलट बोलून केलेला निषेध झाला. 'टीका' म्हणजे ग्रंथाचा उलगडा. त्याच अर्थाने ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. आज 'टीका झाली' म्हटले की कोणीतरी दोष काढले, एवढेच ऐकू येते.

व्यंग आणि व्यंग्य

या सगळ्यात सर्वांत मोठी गफलत एका अर्ध्या 'य'मुळे झाली आहे. संस्कृतात 'व्यंग' आणि 'व्यंग्य' हे दोन निराळे शब्द आहेत. व्यंग म्हणजे अंगातले न्यून, शरीरातला दोष. व्यंग्य म्हणजे सूचित झालेला अर्थ. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनिसिद्धांत मांडला, त्याचा हा पायाभूत शब्द. बोललेल्या शब्दांच्या पलीकडे जे ऐकू येते ते व्यंग्य. हिंदीने उपहासपर साहित्यासाठी 'व्यंग्य' हा शब्द घेतला आणि हरिशंकर परसाई यांच्यासारख्या लेखकांनी त्याला स्वतंत्र साहित्यप्रकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली.

मराठीत मात्र 'व्यंगचित्र', 'व्यंगकथा', 'व्यंगोक्ती' असे लिहिले जाते. "मुलाच्या पायात व्यंग आहे" हे वाक्य आणि 'व्यंगचित्र' हा शब्द यांत आपण एकच अक्षरे वापरतो. 'व्यंगावर बोट ठेवणे' हा वाक्प्रचारही त्याच अर्थाचा. त्यामुळे मराठी कानाला व्यंगचित्र म्हणजे दोष दाखवणारे चित्र असे वाटते, सुचवून सांगणारे चित्र असे वाटत नाही. ही केवळ शुद्धलेखनाची बाब असती तर सोडून देता आली असती. पण भरतानेही हास्याची कारणे सांगताना विचित्र वेष, निर्लज्जपणा, असंबद्ध बडबड यांच्याबरोबर 'व्यंगदर्शन' नोंदवले आहे. दुसऱ्याचे शारीरिक न्यून पाहून हसणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. तोतऱ्याची नक्कल, लंगड्याची चाल, जाड माणसाचे पोट यांवर आपल्या रंगभूमीने आणि चित्रपटांनी कितीतरी हशे वसूल केले. अशा हसण्याला मराठीत 'हेटाळणी' आणि 'कुचेष्टा' हे नेमके शब्द आहेत. उपहासाचा रोख माणसाच्या अंगावर नसतो; त्याच्या वागण्या-बोलण्यातल्या विसंगतीवर, त्याच्या ढोंगावर, त्याच्या सत्तेवर असतो. व्यंगावर हसणे आणि व्यंग्यातून हसवणे यांतला फरक हाच या विषयाचा कणा आहे.

बोलीतले हत्यारघर

शास्त्राचे शब्द नेमके असले तरी मराठी माणूस रोजच्या बोलण्यात ते क्वचितच वापरतो. त्याचे शब्द दुसरे आहेत आणि ते अंगाला लागणारे आहेत. गुदगुल्या, टिचकी, टपली, चिमटा, कोपरखळी, टोमणा, टोला, ओरखडा, फटका, कोरडे, आसूड. ही यादी क्रमाने वाचली तर लागण्याची मोजपट्टीच तयार होते. गुदगुल्यांनी ज्याला केल्या तोही हसतो. कोपरखळी शेजारी बसलेल्यालाच मारता येते, म्हणून तीत जवळीक गृहीत असते. टोमणा दुखतो, पण तो मारणारा आपल्याच घरातला असतो. कोरडे ओढणारा मात्र वर उभा असतो आणि ज्याच्या पाठीवर ते पडतात तो खाली.

या मोजपट्टीत एक फार देखणा शब्द आहे : शालजोडीतला. पूर्वी मानाच्या माणसाला शालजोडी देऊन गौरवत. त्या शालजोडीत गुंडाळून जोडा हाणला की मारही बसतो आणि वरून सत्कारही झालेला दिसतो. शास्त्रातल्या व्याजस्तुतीला मराठीने इतके डोळ्यांसमोर उभे राहणारे नाव दिले. 'मार्मिक' हाही असाच. मर्म म्हणजे शरीरातली नाजूक जागा. जे मार्मिक असते ते वर्म ओळखते आणि तिथेच जाऊन लागते.

नामांइतकीच क्रियापदे बोलकी आहेत. खिल्ली, टर, रेवडी, टोपी, हुर्यो, भंबेरी या साऱ्या गोष्टी आपण 'उडवतो'. जे जड, भारदस्त म्हणून मिरवत होते ते हलके करून हवेत सोडायचे, हा त्यातला भाव. चिमटा, खोडी, वाभाडे, पिसे, उणेदुणे, धिंड हे आपण 'काढतो'. जे झाकलेले होते ते बाहेर आणायचे. टोमणा, टपली, कोपरखळी 'मारतो'. तिथे अंगाला स्पर्श आहे. फिरकी, हजेरी, समाचार 'घेतो'. तिथे कोणाकडून तरी जाब मागितलेला असतो. म्हणून "त्यांनी मंत्र्यांची खिल्ली उडवली" आणि "त्यांनी मंत्र्यांचा समाचार घेतला" या वाक्यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात मंत्र्यांना हलके केले, दुसऱ्यात त्यांना जबाबदार धरले.

विशेषणे पुष्कळदा स्वयंपाकघरातून येतात. खमंग, खुसखुशीत, चुरचुरीत, झणझणीत, तिखट. चवीची भाषा वापरली की वाचणाऱ्याचा आस्वाद कळतो. खोचक, बोचरे, खवचट, कुजकट, कुत्सित, छद्मी, जहरी या शब्दांतून मात्र बोलणाऱ्याचा हेतू कळतो. खोचक बोलण्यात बुद्धी दिसते, कुजकट बोलण्यात मनात साठलेली मळमळ. बाहेरून आलेले शब्दही या घरात रुळले : मस्करी, नक्कल, फजिती हे अरबीच्या वाटेने आले आणि आज ते परके वाटत नाहीत.

सोंग, भारूड, बतावणी

ही शब्दसंपदा ग्रंथांत घडली त्याहून जास्त देवळाच्या पटांगणात आणि फडावर घडली. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. त्यांत विंचू आहे, भुत्या आहे, जोशी आहे, जोगवा मागणारी आहे, जोहार घालणारा महार आहे. एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण देवीला नवस बोलते आणि सासरा, सासू, नणंद अशा एकेकाला दूर करण्याचे मागणे मागते. ऐकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसतात, कारण प्रत्येकीच्या मनातले कोणीतरी मोठ्याने म्हटलेले असते. शेवटी उमगते की ते घर म्हणजे आपलाच देह आणि ते नातेवाईक म्हणजे आपलेच विकार. तोपर्यंत हसू आलेले असते आणि परत घेता येत नाही. रूपकाच्या आडून बोलण्याची ही रीत म्हणजे व्यंग्य, अगदी शास्त्रातल्या अर्थाने.

समर्थ रामदासांनी विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली. पण दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनीच मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्यात 'पढतमूर्ख' हा शब्द ठसवला. शिकून-सवरूनही जो मूर्ख राहिला त्याच्यासाठी इतका आटोपशीर शब्द दुसरा नाही. अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्या नावाशी 'फटका' हा रचनाप्रकार जोडला गेला. उपदेश करायचा तो चाबकाच्या आवाजात, हे त्या नावातच आले.

तमाशात गण आणि गवळण झाली की बतावणी येते. तिथे सोंगाड्याचे काम ठरलेले : वरच्या माणसाने दिलेला हुकूम शब्दशः घ्यायचा आणि त्याचा चुकीचाच अर्थ लावायचा. राजा म्हणतो ते सोंगाड्याला कळत नाही, असे दिसते. प्रत्यक्षात राजालाच आपण काय बोलतो ते कळत नाही, हे प्रेक्षकांना कळते. गवळणीतली मावशी खुद्द कृष्णाला अडवून त्याची उलटतपासणी घेते. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतला संकासूर, लळितातली सोंगे, विदर्भातली दंडार आणि खडीगंमत, अशा प्रत्येक मुलखाने आपापला हसवणारा टीकाकार सांभाळला. शिमग्यात मोठ्यांच्या नावाने बोंब मारण्याची मुभा होती. भोंडल्याच्या गाण्यांत मुली सासरच्या माणसांची टर उडवत. वर्षातले काही दिवस उलट बोलायला मोकळे ठेवण्याची ही सोय होती.

अण्णाभाऊ साठे यांनी याच साच्यात नवा आशय भरला. त्यांनी गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन' यांसारखी लोकनाट्ये लिहिली आणि सावकार, भांडवलदार, पुढारी यांना सोंगाड्याच्या तावडीत दिले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने हीच रीत मध्यमवर्गीय नाट्यगृहात नेली. १९७२ मध्ये आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने खेळे, दशावतार, कीर्तन यांचे साचे घेऊन सत्ता आपली हत्यारे कशी घडवते आणि मोडते ते दाखवले. त्यावर उठलेले वादळ हे लोकपरंपरेच्या या भाषेत अजून किती धार आहे याचा पुरावा होते.

आसूड कोणाच्या हातात

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि उपहासाला लेखी रूप मिळाले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून त्यांनी विष्णूच्या अवतारकथांची उलटतपासणी घेतली. पुराणाच्याच साच्यात पुराणाचे विडंबन केले. १८८३ मधल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शब्दाची निवडच सगळे सांगते. आसूड हे शेतकऱ्याच्या हातातले हत्यार. कोरडे आणि चाबूक आजवर त्याच्या पाठीवर ओढले जात होते. फुल्यांनी ते हत्यार त्याच्या हातात दिले.

१८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध आला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला नावे ठेवली होती. ताराबाईंनी पुरुषांनी स्त्रियांवर लावलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषांनाच लावून दाखवला. घरातल्या बायकांच्या बोलण्यातला टोमणा त्यांनी निबंधाच्या उंचीवर नेला. पुढे जवळजवळ शतकभर हा ग्रंथ विस्मृतीत राहिला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. मराठी उपहासाच्या इतिहासात ताराबाईंचे नाव अजूनही उशिरा आणि ओझरते येते, ही या इतिहासाची उणीव आहे.

याच काळात विरुद्ध बाजूची उदाहरणेही आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त मराठी गद्याला डौल दिला, धारदार उपरोध दिला. पण फुल्यांच्या ग्रंथांवर लिहिताना त्यांनी त्यांच्या भाषेच्या आणि व्याकरणाच्या चुकांवर बोट ठेवून हसे केले. शिक्षण ज्यांना नाकारले होते त्यांच्या अशुद्ध भाषेवर हसणे याला उपहास म्हणता येत नाही. ती हेटाळणी आहे. आगरकरांची तर ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. सोंग, धिंड, मिरवणूक ही साधने सत्तेची टोपी उडवू शकतात तशी एकट्या पडलेल्या माणसाला चिरडूही शकतात. साधन तेच, रोख कोणाकडे आहे यावर त्याचे नाव बदलते.

विसावे शतक : विनोद, विडंबन, वात्रटिका

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'नी मराठी विनोदी निबंधाचा पाया घातला. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या तिघांच्या आडून त्यांनी सण, व्रते, ज्योतिष, लग्नाच्या चालीरीती यांतल्या विसंगती उघड्या केल्या. राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या नावाने वरसंशोधनाच्या व्यवहारावर लिहिले आणि शाब्दिक कोटीला शिखरावर नेले. न. चिं. केळकर यांनी 'हास्यविनोदमीमांसा' लिहून या विषयाची तात्त्विक मांडणी केली. विसंगतीतून विनोद जन्मतो, हा विचार मराठी समीक्षेत रुजला तो याच पिढीत.

आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूच्या फुलां'नी विडंबनकाव्य हा प्रकार घरोघरी नेला. नावातच भूमिका आहे : कवी ज्या नाजूक, सुगंधी फुलांत रमले होते त्यांच्यासमोर हे बाजारातले रोजचे फूल. विडंबनाला मूळ कविता ठाऊक असलेला वाचक लागतो. म्हणून चांगले विडंबन मूळ कवीचा आदरही नोंदवते. पु. ल. देशपांडे यांनी 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' लिहून वाङ्मयेतिहासाच्या पंडिती शैलीचेच विडंबन केले. जयवंत दळवी यांनी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने साहित्यिकांची हजेरी घेतली आणि त्या सदराला वसंत सरवटे यांच्या चित्रांनी चेहरा दिला. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने दुसऱ्यावर हसण्याआधी स्वतःवर हसायला शिकवले. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'ने मालवणी बोलीत महाभारताच्या गावठी प्रयोगाची गंमत उभी केली.

छोट्या रचनांसाठी 'वात्रटिका' हा शब्द रुळला. मंगेश पाडगावकरांचा त्याच नावाचा संग्रह आहे आणि रामदास फुटाणे यांनी राजकीय वात्रटिका मंचावरून गावोगावी नेली. वात्रटपणातून बनलेला हा शब्द मराठीच्या घडणीत इतका चपखल बसला की त्याला पर्याय शोधण्याची वेळ आली नाही. चित्रकलेत 'हास्यचित्र', 'व्यंगचित्र' आणि 'अर्कचित्र' असे तीन शब्द आहेत. शि. दं. फडणीस यांची शब्दांवाचून बोलणारी चित्रे ही हास्यचित्रे. १९६० मध्ये सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकातली राजकीय चित्रे ही व्यंगचित्रे. आणि चेहऱ्याचा अर्क काढून दोन-चार रेषांत माणूस पकडणे हे अर्कचित्र. १९५१ मध्ये मधुकर पाटकर यांनी सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकाची खिडकी-चित्रेही आठवावीत. कापलेल्या चौकटीतून एक दृश्य दिसते, मनात एक अर्थ तयार होतो, आणि पान उलटले की पूर्ण चित्र वेगळेच निघते. फसलेली असते ती वाचकाची नजर. व्यंग्यार्थ कसा चालतो हे इतक्या सोप्या रीतीने कागदावर क्वचितच कोणी दाखवले असेल.

एकच खड्डा, सहा शब्द

शब्दांतला फरक उदाहरणावाचून पटत नाही. गावातल्या रस्त्यावर एक खड्डा आहे असे धरू.

"रस्ता खचला, पण ठेकेदार काही खचला नाही" ही कोटी. लग्नात भेटलेल्या नगरसेवकाला "तुम्हाला काय, तुमची गाडी उंच, खड्डे आमच्याच नशिबी" असे ऐकवणे हा टोमणा. "नगरपालिकेने यंदा प्रत्येकाच्या दारात तळे दिले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत" असे पत्र लिहिणे हा उपरोध; एकच विधान उलटे करून सांगितले आहे. त्याच खड्ड्याच्या वाढदिवसाची समिती, त्याच्या नावाने पतसंस्था, त्याच्या रौप्यमहोत्सवाला पालकमंत्री, अशी पूर्ण कथा रचली तर तो उपहास. तिथे एका विधानाऐवजी एक उलटे जग उभे राहते. तोच मजकूर निविदा सूचनेच्या किंवा आरतीच्या साच्यात लिहिला तर ते विडंबन. आणि त्या खड्ड्यात पडून लंगडत चाललेल्या म्हाताऱ्याच्या चालीची नक्कल केली तर ती हेटाळणी.

पहिल्या पाच प्रकारांत रोख खड्डा ठेवणाऱ्यांकडे आहे. सहाव्यात तो पडलेल्या माणसाकडे वळला. हसू सहाही वेळा येऊ शकते. म्हणून हसू आले की नाही, ही या विषयातली कसोटी होऊ शकत नाही.

आजचा गोंधळ आणि उद्याचे काम

समीक्षेत अजूनही 'आयरनी'ला कोणी उपरोध म्हणतो, कोणी वक्रोक्ती. 'सटायर'ला कोणी उपहास, कोणी उपरोध, कोणी व्यंग. अभ्यासकांनी एकदा बसून हे शब्द ठरवायला हवेत. माझ्या मते उलट विधानासाठी उपरोध, रचलेल्या उलट्या जगासाठी उपहास, साच्याच्या नक्कलेसाठी विडंबन आणि सूचित टीकेसाठी, 'य'सकट, व्यंग्य, अशी वाटणी मराठीच्या वापराला सर्वांत जवळची आहे. 'व्यंगचित्र' आता इतके रुळले आहे की ते बदलू नये. पण त्यातला 'व्यंग' कोणता, हे शाळेत शिकवायला हवे.

दुसरा गोंधळ नव्या माध्यमांतला. मीम, रोस्ट, ट्रोल, स्टँडअप हे शब्द मराठीत आले आणि वापरात राहतील. मीम हे पुष्कळदा विडंबन असते, रोस्ट ही संमतीने घेतलेली हजेरी असते. ट्रोलिंग मात्र जुनी धिंडच आहे; तिला नवे नाव मिळाल्याने ती उपहास ठरत नाही. याउलट एखाद्या लेखकाने सत्तेचा समाचार घेतला की त्याच्या विडंबनाला विटंबना ठरवून तक्रार होते. शब्दांची ही अदलाबदल अजाणतेपणी होते तेव्हा ती भाषेची हानी असते. जाणूनबुजून होते तेव्हा ती बोलण्याच्या हक्काची हानी असते.

य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' सिद्ध केले, त्यांत या हत्यारघराचा मोठा भाग सुरक्षित आहे. संपादकांनी मथळा देताना, शिक्षकांनी पाठ शिकवताना आणि समीक्षकांनी पुस्तकाला विशेषण लावताना हे कोश उघडावेत. वाचकांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी काही वाचून हसू आले, तर आपण जे वाचले त्याला मराठीत काय म्हणतात, एवढे स्वतःला विचारा. टोमणा की उपरोध, विडंबन की विटंबना, उपहास की हेटाळणी? नेमका शब्द सापडला की आपण कोणाच्या बाजूने हसलो, हेही कळेल.